आठ महिन्यांच्या बाळाला पूर आठवतो का?

या वेळी तीन पत्रं घेतली आहेत. तिन्ही तान्ह्या वयात सोसलेल्या गोष्टींबद्दलची आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्या मुलीला लवकर एक निर्णय घ्यायचा आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. मी २१ वर्षांची आहे, कळव्याला राहते, ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात काम करते. २६ जुलै २००५ ला मी आठ महिन्यांची होते. तेव्हा आम्ही खाडीच्या बाजूला बैठ्या चाळीत राहायचो. संध्याकाळी घरात पाणी शिरलं. बाबा दादरला लोकलमध्ये अडकले होते, ते दुसऱ्या दिवशी रुळांवरून चालत घरी आले. आई आणि आजीनं मला आंघोळीच्या लाल टबात ठेवलं आणि टब पाण्यावरून ढकलत गल्लीच्या टोकाच्या दुमजली घरापर्यंत नेलं. ताई, मला हे आठवतं. लाल टब, त्यात दुपट्यात गुंडाळलेली मी, तपकिरी पाणी, आईची कमरेपर्यंत भिजलेली हिरवी साडी. घरात सगळे म्हणतात, शक्यच नाही, तू ऐकलेलं सांगतेस. पण मग मला पाण्याची एवढी भीती का? पावसात गटाराचं पाणी वर यायला लागलं की हातपाय गार पडतात, छाती धडधडते. कळवा पुलावरून रिक्षा जाताना भरती दिसली तरी मी डोळे मिटून घेते. आई २०२१ मध्ये गेली, तिला आता विचारता येत नाही. मैत्रिणीनं एका बाईंचं नाव सांगितलं आहे. त्या संमोहन करून माणसाला तान्हेपणापर्यंत मागे नेतात. सहा बैठकांचे अठरा हजार. जाऊ का? आणि मी खोटं बोलतेय का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. तू खोटं बोलत नाहीस. खोटं बोलणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे ठाऊक असतं. तुझ्या डोळ्यांसमोर टब येतो, साडी येते, आणि जे दिसतं ते तू सांगतेस. पण ते दृश्य त्या संध्याकाळी तुझ्या डोळ्यांनी टिपलं आणि तसंच आजवर राहिलं, असं मला वाटत नाही. तुला हे ऐकायला जड जाईल. मलाही एकदा गेलं होतं.

माझा जन्म चिपळूणचा, जानेवारी १९६७ चा. त्याच वर्षी ११ डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी अकरा महिन्यांची होते आणि मला तो भूकंप लख्ख आठवायचा. आढ्याला टांगलेला कंदील झोके घेतोय, मांडणीवरची भांडी कोसळतायत, एक पितळी डबा गडगडत उंबऱ्यापर्यंत गेलाय. शाळेत निबंधात मी ते लिहिलं. कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं. मानसशास्त्राची पदवी हातात आली तरी त्या डब्याचा आवाज माझ्या कानात होताच. पस्तिशीत असताना आत्या आमच्या नौपाड्याच्या घरी राहायला आली होती. मी मुलाला भूकंपाची गोष्ट सांगत होते. ती ऐकून म्हणाली, "अगं, तू तेव्हा चिपळूणला होतीसच कुठे? वहिनीच्या आईचं ऑपरेशन होतं, ती तुला घेऊन ठाण्याला आली होती. घरी दादा आणि तुझा भाऊ, दोघंच."

आईला विचारलं. खरं होतं. हादरा ठाण्यातही बसला होता, पण आजोळी विजेचे दिवे होते. कंदील नव्हताच, आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे मी झोपेतून उठलेसुद्धा नव्हते. कंदील पाहिला होता माझ्या भावानं. तो पाच वर्षांचा होता, आणि त्या वयातला एवढा मोठा प्रसंग माणसाला आठवू शकतो. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तो मला ते सांगायचा, डब्याचा आवाज तोंडानं काढून दाखवायचा. किती वर्षं सांगितलं असेल! ऐकता ऐकता मी जाऊन त्या कंदिलाखाली झोपले. आत्या परत गेल्यावर दोन दिवस मला काही सुचलं नाही. घरातली जुनी वस्तू कुणी उचलून नेल्यासारखं वाटत होतं.

बालमानसशास्त्रात ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं, त्या स्वित्झर्लंडच्या जाँ पियाजे यांनीही स्वतःबद्दल असंच सांगून ठेवलं आहे. तान्हे असताना पॅरिसच्या रस्त्यावर बाबागाडीतून त्यांना पळवून न्यायचा प्रयत्न झाला, दाईनं एकटीनं झुंज दिली, तिच्या चेहऱ्यावर ओरखडे उठले, पोलीस धावत आला. पियाजेंना ते ओरखडे दिसायचे, पोलिसाच्या हातातला पांढरा दांडूही दिसायचा. ते पंधरा वर्षांचे असताना त्या दाईचं घरी पत्र आलं. सगळा प्रसंग तिनं रचलेला होता. शौर्याबद्दल मिळालेलं घड्याळ तिनं परत पाठवलं होतं. म्हणजे जे घडलंच नव्हतं, ते पियाजेंना बारकाव्यांसकट दिसत होतं.

तुझा पूर मात्र खरा आहे, टब खरा आहे, हा फरक लक्षात ठेव. प्रश्न एवढाच आहे की ते चित्र आलं कुठून. तू लिहितेस, "लाल टब, त्यात दुपट्यात गुंडाळलेली मी." टबात आडव्या झोपलेल्या बाळाला काय दिसलं असेल? पत्र्याची कड, पावसाचं आभाळ, वर वाकलेला एखादा चेहरा. लाल टब पाण्यावर तरंगताना दिसतो तो काठावरून किंवा मागून ढकलणाऱ्याला. साडी कमरेपर्यंत भिजली आहे हेही टबातून दिसायचं नाही. एवढ्यावरून आठवण खोटी ठरवता येत नाही, कारण मोठेपणीच्या खऱ्या आठवणींतही आपण कधी कधी स्वतःला बाहेरून पाहतो. पण आठ महिन्यांचं वय आणि ही बाहेरची नजर एकत्र आली की मला वाटतं, हे आजीचे किंवा आईचे डोळे आहेत.

आणि तू एकटी नाहीस. ब्रिटनमधल्या संशोधकांनी ६,६४१ लोकांना त्यांची सगळ्यात पहिली आठवण विचारली होती. तो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. २,४८७ जणांनी दोन वर्षांच्या किंवा त्याआधीच्या वयातली आठवण सांगितली आणि त्यांतल्या ८९३ जणांची तर एक वर्षाच्या किंवा त्याहून लहान वयातली होती. प्रत्यक्षात बहुतेकांच्या टिकणाऱ्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांपासून सुरू होतात. क्वचित कुणाला दोन वर्षांच्या आसपासचं आठवतं, विशेषतः भावंडाचा जन्म किंवा हॉस्पिटलातला मुक्काम असं काही मोठं घडलं असेल तर. आठ महिन्यांचा प्रसंग मोठेपणी चित्रासारखा सांगता येणं, यावर मी विश्वास ठेवणार नाही.

पण म्हणून "बाळाला काय कळतंय" असं कुणी म्हणालं, तर तेही ऐकू नकोस. अमेरिकेत कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी एक साधा प्रयोग अनेक वर्षं केला. पाळण्यावरच्या खेळण्याची फीत बाळाच्या पायाला बांधायची. पाय झाडला की खेळणं हलतं, हे बाळाला थोड्या वेळात उमगतं आणि ते जोरजोरात पाय मारू लागतं. मग काही दिवसांनी तेच खेळणं नुसतं दाखवायचं. दोन महिन्यांच्या बाळांना हे दोनेक दिवस लक्षात राहिलं, तीन महिन्यांच्यांना आठवडाभर, सहा महिन्यांच्यांना सुमारे दोन आठवडे. २०२५ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते २५ महिन्यांच्या २६ बाळांना आईबापांच्या सोबतीनं जागेपणी स्कॅनरमध्ये ठेवून चित्रं दाखवली. आठवणी नोंदवणारा हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला भाग वर्षाच्या आसपासच्या बाळांतही नोंद करताना दिसला.

नोंद होते, मग जाते कुठे? टोरंटोच्या शीना जोसलिन आणि पॉल फ्रँकलंड यांनी २०१४ मध्ये उंदरांवर जे दाखवलं ते मला सगळ्यात पटतं. तान्ह्या वयात हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशींची भर भराभर पडते. नव्या पेशी जुन्या जोडण्यांमध्ये शिरतात आणि जुन्या नोंदी सापडेनाशा होतात. मोठ्या उंदरांत नव्या पेशी वाढवल्या तर तेही शिकलेलं विसरले. पिल्लांमध्ये ही वाढ मंदावली तर त्यांना जास्त काळ आठवलं. तू रांगायला, चालायला, बोलायला शिकत होतीस, त्याच काळातल्या या वाढीखाली ती संध्याकाळ गाडली गेली असावी.

आता तुझी भीती. आठवण नसताना भीती असू शकते, हे शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांच्याकडे एक बाई होत्या, त्यांना काही मिनिटांपूर्वीचंही आठवत नसे. एकदा क्लापारेद यांनी हातात टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. (असला प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि करू देऊही नये.) पुढच्या वेळी बाईंना डॉक्टर ओळखू आले नाहीत, टाचणी आठवली नाही, पण त्यांनी हात मागे घेतला. का घेतला, ते त्यांना नीट सांगता येईना. शिकलेली भीती आणि सांगता येणारी आठवण यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. तुझे गार पडणारे हात खरे आहेत. त्यासाठी चित्राचा पुरावा लागत नाही.

पण तुझी भीती त्या टबातच सुरू झाली, असंही मी म्हणणार नाही. तू त्यानंतर कळव्यात वीस पावसाळे काढलेस. प्रत्येक जूनमध्ये आजी धान्याचे डबे माळ्यावर चढवत असेल. गल्लीत पाणी साचलं की आईचा चेहरा कसा होत असेल? एक वर्षाच्या मुलांवरचा एक प्रसिद्ध प्रयोग १९८५ चा आहे. जाड काचेखाली फूटभर खोली दिसेल असं टेबल, पलीकडे आई. आईचा चेहरा घाबरलेला असेल तर १७ पैकी एकही मूल काच ओलांडेना. चेहरा हसरा असेल तेव्हा १९ पैकी १४ गेली. मुलं धोका आईच्या चेहऱ्यावर वाचतात. तुझ्या आईनं त्या संध्याकाळी कमरेएवढ्या पाण्यातून लेकरू नेलं होतं. नंतरच्या प्रत्येक पावसात तिच्या चेहऱ्यावर काय उमटत असेल ते तू पाहिलं आहेस, आणि तेव्हा तू आठवणाऱ्या वयाची होतीस.

म्हणून संमोहनाला जाऊ नकोस. हे मी हात जोडून सांगते. संमोहनात आठवणी अचूक होत नाहीत, त्यांच्याबद्दलची खात्री तेवढी वाढते. अमेरिकेच्या एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९९५ च्या अभ्यासात २४ जणांना त्यांच्या बालपणीचे चार प्रसंग वाचायला दिले. तीन नातेवाइकांकडून घेतलेले खरे आणि एक बनावट, बाजारात हरवल्याचा. सहा जणांनी तो बनावट प्रसंग पूर्ण किंवा थोडा आठवतो असं सांगितलं. नुसत्या कागदावरच्या मजकुरानं हे होतं, तर डोळे मिटवून, मऊ आवाजात "आणखी मागे जा, काय दिसतंय?" असं सहा बैठका विचारल्यावर काय काय दिसेल, याचा विचार कर. तुला टबातून पडल्याचं दिसेल. कुणी हात सोडल्याचं दिसेल. तो हात आईचा होता असंही दिसेल. ते घडलंच नव्हतं, हे सांगायला आई नाही. माझ्याकडे एकदा अशी मुलगी आली होती, तिनं त्या दिसलेल्या गोष्टीवरून मावशीशी बोलणं तोडलं होतं. ते जुळायला चार वर्षं गेली.

भीतीवर उपचार मात्र घे. ती कुठून आली ते कळल्याशिवाय बरी होणार नाही, असं अजिबात नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि पायरी पायरीनं सामोरं जाण्याचा उपचार हवा, असं स्पष्ट माग. माझ्याकडे खाडीकाठचे लोक येतात तेव्हा आम्ही पायऱ्या आपल्या ठाण्यातल्याच घेतो. आधी हिवाळ्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर पाण्याकडे तोंड करून बसायचं, धडधड वाढून आपोआप उतरेपर्यंत उठायचं नाही. मग उपवन तलावाच्या अगदी काठाशी. मग ओहोटीच्या वेळी कळवा पूल, रिक्षात डोळे उघडे ठेवून. मग भरतीच्या वेळी. मग पहिल्या पावसात आपल्याच गल्लीत घोटाभर पाण्यात उभं राहायचं, सोबत कुणीतरी घेऊन. काहींना दोन महिने लागतात, काहींना अख्खा पावसाळा. लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

आणि आजी आहे ना? तिच्याकडे जा. तिला विचारण्याआधी तुझं चित्र एका कागदावर लिहून ठेव आणि तो कागद तिला दाखवू नकोस. "टब लाल होता ना गं?" असं विचारलंस तर ती हो म्हणेल आणि तुमच्या दोघींचं एकच चित्र होऊन बसेल. नुसतं म्हण, "आजी, त्या संध्याकाळचं सांग." तिला सांगू दे. मग बाबांना वेगळं विचार. ते तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी आल्यावर आईनं त्यांना काय सांगितलं, ते फक्त त्यांच्याकडे आहे. कदाचित टब निळा निघेल. कदाचित साडी खरंच हिरवी असेल.

ते चित्र तुझ्याकडून कुणी काढून घेत नाहीये. तुझ्या आईनं ती संध्याकाळ तुला इतक्यांदा आणि इतकी नीट सांगितली की तुला ती दिसायला लागली. कंदील भावाचा होता हे कळल्यापासून मी ती गोष्ट सोडलेली नाही. आता भावाच्या नावानं सांगते. गेल्या वर्षी तो गेला, तेव्हा दहाव्याला जमलेल्या त्याच्या नातवंडांना मी डब्याचा आवाज काढून दाखवला.

प्रश्न : आमची मुलगी साडेसात महिन्यांतच जन्मली. ३८ दिवस काचेत होती. रोज टाचेतून रक्त, सलाईन, नाकात नळी. मी बाहेरून काचेतून बघत उभा राहायचो, काही करता येत नव्हतं. आता ती अकरा महिन्यांची आहे, तब्येत छान आहे, पण लसीच्या वेळी इतकी रडते की निळी पडते. त्या दिवसांचं तिच्या मनावर कायमचं राहील का? (एक बाबा, ऐरोली)

उत्तर : ते ३८ दिवस ती कधीच सांगू शकणार नाही. काच, नळी, उजेड, यांतलं काही तिला मोठेपणी आठवणार नाही. तुम्हाला आठवेल.

पण शरीर थोडं लक्षात ठेवतं, आणि हे डॉक्टरांनाही फार उशिरा मान्य झालं. १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांची ऑपरेशनं पुरेशा भुलीशिवाय होत होती. त्यांना दुखत नाही, दुखलं तरी आठवत नाही, अशी समजूत होती. भारतात डॉक्टर होऊन ऑक्सफर्डला गेलेले कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी नीट वेदनाशामक दिलं तर शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरचा त्रासही कमी होतो. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. ज्यांना बोलता येत नाही, त्यांची बाजू त्यांनी मांडली. मग १९९७ मध्ये कॅनडाच्या ॲना टाडिओ यांनी चार ते सहा महिन्यांच्या मुलग्यांना लस देताना पाहिलं. जन्मल्यावर ज्यांची सुंता झाली होती ते इतरांपेक्षा जास्त रडले. ज्यांना तेव्हा बधिर करणारं मलम लावलं होतं, त्यांचा त्रास नुसतं साधं मलम लावलेल्यांपेक्षा कमी होता. म्हणजे आठवण उरली नाही तरी दुखण्याचा माग काही महिने उरतो, आणि दुखणं कमी केलं तर मागही पुसट होतो.

या दुसऱ्या भागात तुमच्यासाठी काम आहे. पुढच्या लसीच्या वेळी तिला टेबलावर आडवं करू देऊ नका. आईच्या मांडीवर, अंगावर पीत असताना सुई द्यायला सांगा. त्यानं दुखणं खरंच कमी होतं. डॉक्टर घाईत असतील तर थांबवा, बापानं तेवढं म्हणायला हरकत नाही. बधिर करणाऱ्या मलमाबद्दल आधीच विचारून ठेवा, ते लावून तासभर जावा लागतो. आणि रडून रडून निळी पडते म्हणता, ते बालरोगतज्ज्ञांना मुद्दाम सांगा. बरेचदा तो श्वास रोखण्याचा प्रकार असतो आणि वयानं जातो, पण तपासून घ्यायला हवं.

'कायमचं' या शब्दाबद्दल. रोमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० साली सुरू झाला. तिथे मुलांना खायला मिळत होतं, जवळ घेणारं कुणी नव्हतं. त्यांच्या वाढीवर खोल परिणाम झाले, आणि ज्यांना लहानपणीच पालक-कुटुंबात पाठवलं त्यांच्यात मोठी सुधारणा दिसली. तुमच्या मुलीचं तसं काही नाही. ती ३८ दिवस सुयांमध्ये होती आणि त्यानंतर दहा महिने तुमच्या दोघांच्या अंगावर आहे. त्या काचेबाहेर उभं राहण्याचा तुम्हालाच त्रास होत असेल, झोप मोडत असेल, तर स्वतःसाठी कुणाला तरी भेटा. लोक बाळंतिणीची विचारपूस करतात, बापाची फारशी कुणी करत नाही.

प्रश्न : नातू सव्वा वर्षाचा असताना त्याच्या हातावर गरम चहा सांडला. कप माझ्या हातातला होता. आता तो अडीच वर्षांचा आहे. खेळताना बाहुलीचा हात धरून "हाय हाय" करतो आणि फुंकर घालतो. सून म्हणते, त्याच्यासमोर तो विषय काढायचा नाही, विसरू दे. मला तर ते बघवत नाही. त्याला आठवतं का? (एक आजी, नेरूळ)

उत्तर : आजी, शब्दांत नाही, पण खेळात आहे. लेनोर टेर या बालमनोविकारतज्ज्ञ. त्यांनी १९८८ मध्ये अशा २० मुलांबद्दल लिहिलं, ज्यांच्यावर पाच वर्षांच्या आत काहीतरी भयंकर ओढवलं होतं आणि त्याची नोंद कागदोपत्री होती. साधारण अडीच-तीन वर्षांच्या आत घडलेलं बहुतेकांना नीट सांगता आलं नाही, पण खेळात आणि भीतीत त्याचे तुकडे दिसत होते. न्यूझीलंडमधल्या एका प्रयोगात दिसलं की मुलांना प्रसंगाच्या वेळी जे शब्द येत नव्हते, ते पुढे शिकल्यावरही ती त्या प्रसंगाबद्दल सांगताना वापरत नाहीत. सव्वा वर्षाच्या नातवाकडे 'भाजलं' हा शब्द नव्हता. अर्थात 'हाय हाय' त्यानं तुमच्याच तोंडून नंतर उचललेलं असणंही शक्य आहे.

सूनबाईंचं अर्धं बरोबर आहे. पाहुण्यांसमोर त्याचा हात पुढे करून ती गोष्ट सांगू नका. पण खेळ थांबवूही नका. त्यानं विचारलं तर खरं आणि थोडक्यात सांगा : चहा गरम होता, हातावर सांडला, दुखलं, आईनं पाण्याखाली हात धरला, डॉक्टरांनी मलम लावलं, बरा झाला. शेवटचं वाक्य विसरू नका, नाहीतर गोष्ट त्याच्यासाठी भाजण्यापाशीच थांबते. तो खेळ रोज तसाच, हसू नसलेला, रडत रडत चालला, किंवा झोपेत दचकणं सुरू झालं, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

कप तुमच्या हातातला होता हे तुम्ही लिहिलंत, त्यावरून ते दृश्य सगळ्यात जास्त कुणाला दिसतंय ते समजलं. तुमच्यासमोर त्याचे खेळ चालू असतात, म्हणजे तो तुमच्याजवळ येतो, तुमच्यापासून पळत नाही. पुढच्या वेळी उठून जाऊ नका. त्याच्याशेजारी बसा आणि बाहुलीच्या हाताला मलम लावायला घ्या.